लग्नाचे वऱ्हाड आणि कोकणदर्शन एकाच प्रवासात : गाडी ठरविण्यापूर्वी वाचावे

सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरजेहून रत्नागिरीकडे वऱ्हाड नेणारे बहुतेक यजमान आम्हाला एकच प्रश्न विचारतात, की एवढे कोकणात उतरतोच आहोत तर गणपतीपुळे करून येता येईल का? येईल, आणि अवश्य यावे. मात्र ही गोष्ट बयाणा देतानाच आम्हाला सांगावी, गाडी आंबा घाट उतरू लागल्यावर चालकाला सांगू नये, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

घोटाळा होतो तो अंतराच्या हिशेबामुळे. कोल्हापूर, मलकापूर, साखरपा या मार्गाने रत्नागिरी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तेथून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे जेमतेम 25 किलोमीटर, तेव्हा मुहूर्त दुपारचा असल्यास पहाटे निघून आधी दर्शन आटोपून घेऊ, असे घरात ठरते. प्रत्यक्षात भरलेल्या बसला घाट आणि चहा-नाश्ता धरून रत्नागिरीपर्यंतच पाच तास लागतात. त्यातून गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा देवळाला नव्हे, तर देवळामागच्या संपूर्ण टेकडीला घालायची असते. ती सुमारे एक किलोमीटरची असून घरातील वडीलधारी माणसे ती सोडत नाहीत आणि त्यांनी ती सोडावी असे आम्हालाही वाटत नाही. गेल्या वैशाखात अशाच आग्रहापायी वळविलेली आमची बस कार्यालयाच्या दारात पोचली, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवऱ्या मुलाची सख्खी आत्या बसमध्येच होती. तेव्हापासून मुहूर्तापूर्वी आम्ही गाडी दर्शनासाठी वळवीत नाही. काही ग्राहकांना याचा राग येतो, पण हा नियम आम्ही बदललेला नाही.

लग्नानंतरचे नियोजन त्यामानाने सोपे असते, फक्त गृहप्रवेशाचा विचार आधी व्हावा लागतो. नवी सून उंबरठा ओलांडण्यापूर्वी फिरायला नेणे बहुतेक घरांत रुचत नाही आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणही असतो. अशा वेळी वधू-वर, करवली आणि घरची चार माणसे यांच्यासाठी वेगळी लहान गाडी घेऊन ती त्याच संध्याकाळी सांगलीकडे काढावी आणि बाकीच्या पाहुण्यांनी बससह रत्नागिरीत मुक्काम करावा, असे आम्ही सुचवितो. दोन्ही गाड्या आमच्याकडूनच घेतल्यास लहान गाडीच्या भाड्यात आम्ही सवलत देतो. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, गणपतीपुळे आणि त्यालाच लागून असलेले केशवसुतांचे मालगुंड एवढे निवांत होते. पावस आणि जयगड हे दोन्ही त्यात बसविण्याचा प्रयत्न करू नये, कारण एक रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे आणि दुसरे गणपतीपुळ्याच्याही पुढे उत्तरेला.

मुक्कामाचे वेगळे पैसे कशासाठी, असे विचारले जाते. मोटार वाहतूक कामगारांसाठी कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम ठरवून दिले आहे. पहाटेपासून जागा असलेला माणूस रात्री घाटात गाडी चालवीत असेल, तर मागे झोपलेल्या पन्नास जणांचा जीव त्याच्या डोळ्यांवर असतो. म्हणून चालकाचा भत्ता आणि त्याच्या झोपण्याची सोय यांत आम्ही घासाघीस करीत नाही.

समुद्राची वेळ मात्र आपल्याला घरबसल्या काढता येते आणि त्यासाठी लग्नपत्रिकेवरची तिथी पुरते. फिरायच्या दिवशीच्या तिथीला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती असते, म्हणजे संध्याकाळी वाळू थोडी आणि पाणी जवळ. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे संध्याकाळी ओहोटीने किनारा मोकळा मिळतो. गणपतीपुळ्याच्या पाण्यात ओढ असल्याने ओहोटी असो वा भरती, पोहायला कोणीही उतरू नये, आणि बस वाळूपर्यंत नेण्याचा आग्रह चालकाला करू नये.

चैत्र-वैशाखातली लग्ने असतील, तर परतताना हापूसच्या पेट्या येणारच. त्या किती असतील याचा अंदाज आधी सांगितल्यास आहेर आणि रुखवताच्या सामानासह जागा बसेल अशी गाडी देता येते. गाडी ठरवायला येताना पत्रिका, माणसांची संख्या आणि मुक्कामाचे ठिकाण एवढे सोबत आणावे. वेळापत्रक आम्ही समोर बसून लिहून देतो आणि त्याची एक प्रत चालकाजवळ राहते.