पिवळी रेघ, हिरवी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात तर ‘साहेबाचे कट्टे’ आवर्जून बघा. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते बांधले, असं गावात सांगतात.

त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या रंगपट्टीत, एक पिवळी रेघ दिसली. सोडियमच्या रेघांना अगदी खेटून, पण त्यांच्याशी जुळेना. इंग्रज खगोलज्ञ लॉकियर यांनी ऑक्टोबरात इंग्लंडहून ती पुन्हा तपासली. पुढे तिचा धनी ठरलं हेलियम हे नवं मूलद्रव्य. १८६९च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात हिरवी रेघ सापडली, तिच्यासाठीही ‘कोरोनियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. ते निघालं लोखंडच, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. हे उमगायला सत्तर वर्षं गेली.

विश्वशास्त्रात आज अशीच एक न जुळणारी रेघ आहे. प्रमाण प्रारूपानुसार, म्हणजे विश्वाच्या आज रूढ असलेल्या मांडणीनुसार, विश्वात सुमारे ५ टक्के साधं द्रव्य, २५ टक्के न दिसणारं कृष्णद्रव्य आणि ७० टक्के कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा. ही ऊर्जा कधीच विरळ होत नाही, असं प्रारूप मानतं. अ‍ॅरिझोनातल्या ‘डेसी’ या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या उपकरणाने ते तपासलं. विश्वाच्या बाल्यात तप्त वायूतून ध्वनिलहरी धावत होत्या. विश्व ३,८०,००० वर्षांचं झालं तेव्हा त्या थबकल्या आणि त्यांचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरला. आज त्या ठशाची लांबी सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं आहे. वेगवेगळ्या काळात ही मोजपट्टी केवढी दिसते, यावरून विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास कळतो. मार्च २०२५मध्ये १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजून आलेला कौल असा, की कृष्णऊर्जा क्षीण होत असावी.

कौलाचं वजन मात्र २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप), शोध म्हणायला ५ लागतात. मला खटकतो तो हा पसारा. या हिशोबात सुपरनोव्हा, म्हणजे ज्यांच्या तेजावरून अंतर काढतात ते स्फोट पावलेले तारेही धरलेले आहेत. दीर्घिकांची मोजमापं तीच, सुपरनोव्हांची यादी बदलली की आकडा बदलतो. जवळचे बरेच सुपरनोव्हा जुन्या, निरनिराळ्या दुर्बिणींनी टिपलेले आहेत. त्यांच्या तेजस्वितेत बारीकशी चूक असली तरी कोरोनियमची गत व्हायची. शिवाय कृष्णऊर्जा बदलते असं मानणाऱ्या नव्या सिद्धांतात दोन जादा आकडे फिरवायची मुभा आहे. तेवढ्याने जुळणी थोडी सुधारणारच. आणि हबल स्थिरांकाचा, म्हणजे विश्वाच्या आजच्या प्रसरणवेगाचा तंटा, विश्वाच्या बाल्यातून उरलेल्या प्रारणावरून ६७, जवळच्या ताऱ्यांवरून ७३, हा यातून सुटत नाहीच.

हेलियमचा निकाल १८९५मध्ये लागला. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ दिसली, सूर्याचा काहीही संबंध नसताना. कृष्णऊर्जेसाठी मला तशी साक्ष हवी आहे. २०२३मध्ये झेपावलेली युक्लिड दुर्बीण मधल्या द्रव्याच्या गुरुत्वामुळे वाकलेले दिसणारे दूरच्या दीर्घिकांचे आकार मोजते आहे, आणि त्या मोजणीत सुपरनोव्हा कुठेच येत नाहीत.