चार शिंगं दिसली, म्हणून अँटिलोप होत नाही

उत्तर अमेरिकेतल्या नामशेष स्टॉकोसेरॉसची ओळख वर्षानुवर्षं ‘चार शिंगांचा अँटिलोप’ अशी करून दिली जाते. साहजिकच आपल्याला तो चौशिंग्याचा भाऊबंद वाटतो. हे साफ चुकीचं आहे.

ॲरिझोनातल्या पपागो स्प्रिंग्ज गुहेत त्याचे भरपूर अवशेष मिळाले. कवटी नीट पाहा: प्रत्येक डोळ्यावर हाडाचा एकच खुंट आहे, तो बुडापाशीच दुभंगतो आणि त्याच्या जवळपास सारख्या लांबीच्या दोन फांद्या होतात. चौशिंग्याची चारही शिंगं मात्र स्वतंत्र उगवतात. चौशिंगा, काळवीट, चिंकारा हे खरे अँटिलोप, सगळे गाई-म्हशींच्या कुळातले. तिथे शिंगाला फाटा फुटतच नाही.

स्टॉकोसेरॉसचा खरा सोयरा म्हणजे प्राँगहॉर्न, उत्तर अमेरिकेत आजही आढळणारा हरणासारखा प्राणी. आणि हयात प्राण्यांत प्राँगहॉर्नला सर्वांत जवळचे कोण, तर जिराफ आणि ओकापी!