माहेरचं आधार, सासरची बस: शून्य तिकीट नेमकं कुठं अडतं

बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर हा वाद नेहमीचाच. वैनी म्हणतात, ‘बायकांना फुकट आहे की!’ कंडक्टर म्हणतो, ‘आधार महाराष्ट्राचं आहे, तिकीट काढा.’ खरं सांगायचं तर चूक कंडक्टरची नसते.

११ जून २०२३ पासून सुरू असलेली, सरकारी बसमध्ये फुकट प्रवास देणारी कर्नाटकची शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या महिला, मुली आणि तृतीयपंथीयांसाठी आहे. उत्पन्नाची अट नाही, दाखला नाही. रहिवास मात्र ओळखपत्रावरच्या पत्त्यावरून ठरतो. कंडक्टर जे शून्य तिकीट, म्हणजे शून्य रुपयांचं तिकीट, फाडतो, त्याच हिशोबाने सरकार वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाला पैसे देतं. त्यामुळे ‘वीस वर्षं इथंच राहते’ हे तोंडी सांगून भागत नाही.

महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजरा इकडून लग्न होऊन आलेल्या बायका नेमक्या इथंच अडकतात. आधारवर माहेरचा पत्ता, आणि लाइट बिल, घरपट्टी सगळं सासऱ्यांच्या नावावर. स्वतःच्या नावाचा पुरावा आणायचा कुठून? अशांसाठी आधारच्या संकेतस्थळावर कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलण्याची सोय आहे. नवऱ्याचा आधार क्रमांक आणि नातं दाखवणारा कागद, म्हणजे रेशनकार्ड किंवा विवाह नोंदणी दाखला, लागतो. दोन्ही नसेल तर ठरलेल्या नमुन्यात नवऱ्याचं स्वयंघोषणापत्र चालतं. हे बऱ्याच ऑनलाइन सेंटरवाल्यांनाही माहीत नसतं, आणि ते सरळ ‘होत नाही’ म्हणून परत पाठवतात.

आता खरी मेख. फी भरली, पावती मिळाली, म्हणजे काम झालं असं समजू नका. त्यानंतर नवऱ्याने स्वतः लॉगिन करून ३० दिवसांच्या आत मंजुरी द्यावी लागते. ती दिली नाही तर अर्ज बाद, फी बुडाली. मेसेज जातो तो नवऱ्याच्या आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बंद पडून चार वर्षं झालेली असतात! म्हणून आधी दोघांचे नंबर आधार केंद्रात जाऊन तपासा, मगच अर्ज भरा. मतदार यादीत नाव सासरी आणायचं असेल तर फॉर्म ८ भरा. कर्नाटकच्या पत्त्याचं मतदार ओळखपत्रही बसमध्ये चालतं.

बस कुठली, तेही बघा. साध्या, शहर आणि एक्स्प्रेस गाड्यांत फुकट. राजहंस आरामगाडी, स्लीपर, एसीत नाही. कोल्हापूरच्या पाटीची आंतरराज्य बस असेल तर कर्नाटकातल्याच निपाणीला उतरणार असलात तरी पैसे पडतात. त्यापेक्षा निपाणीचीच गाडी धरा. पुढं महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते हद्दीपलीकडच्या अंतरालाच. हद्दीपर्यंतचे पूर्ण पैसे घेतात म्हणून कंडक्टरशी हुज्जत घालू नका.

घरात दिव्यांग पुरुष असेल तर त्याचा रस्ता वेगळा. वर्षाला ६६० रुपयांचा पास, राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत. अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू संकेतस्थळावर करायचा. पास जानेवारी ते डिसेंबर असतो, तुम्ही काढल्या दिवसापासून वर्षभर नव्हे. जुना पास साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालवून घेतात, त्यामुळे लोक निवांत राहतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवर झुंबड उडते. मंजुरीचा मेसेज म्हणजे पास नव्हे. अर्जात निवडलेल्या खिडकीवर मूळ कागद आणि पैसे घेऊन जावंच लागतं, आणि तिथं जायला त्याला फुकट बस नसते.