ड्राइव्हचा दिवा विझत नाही तेव्हा

फोंड्याला मामांच्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेला जुना पीसी आहे. कुळागराचे सुपारी-नारळाचे हिशेब त्यावर, सव्वापाच इंची फ्लॉप्यांत, म्हणजे जुन्या पातळ चुंबकीय तबकड्यांत. यंदा चवथीला सगळे जमलो, तेव्हा तो खाली उतरवला, केबल लावली आणि बटण दाबलं. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा लागला तो विझेचना. मोटरही घरघरत राहिली.

"ड्राइव्ह गेला रे, सोड आता," मामा म्हणाले.

ड्राइव्ह धड होता. त्याला पीसीशी जोडणारी केबल उलटी बसली होती.

या चपट्या केबलमध्ये 34 तारा असतात. सम क्रमांकांच्या तारा संदेश नेतात, विषम क्रमांकांच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेल्या असतात. संदेशाच्या तारेवर एरवी सुमारे 5 व्होल्ट असतात. ते शून्यावर आले की ड्राइव्ह त्याला हुकूम समजतो. आता कनेक्टर उलटा बसवा: 2 समोर 33 येतो, 12 समोर 23. म्हणजे संदेशाची प्रत्येक तार थेट ग्राउंडला! 'तुझी निवड झाली', 'मोटर फिरव', 'लिही' असे सगळे हुकूम ड्राइव्हला एकदम मिळतात. म्हणून तपासणी करताना आत फ्लॉपी कधीच ठेवू नये. तिच्यावरचा मजकूर पुसला जाऊ शकतो.

सव्वापाच इंची ड्राइव्हच्या टोकाला खाच असते, त्यामुळे तिथे चूक सहसा होत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्या टोकाला, पीसीतल्या ड्राइव्ह चालवणाऱ्या कार्डाच्या बाजूला. केबलच्या कडेची रंगीत पट्टी म्हणजे 1 नंबरची तार. ती कार्डावर जिथे 1 छापलाय तिकडे यायला हवी.

केबल फिरवली. दिवा विझला. पण फ्लॉपी वाचायला सांगितल्यावर दिवा लागायचा, मोटर मात्र ढिम्म.

इथे 1981 च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला पीळ समजून घ्यावा लागतो. 10 ते 16 या सात तारा मधेच उलट्या पिळलेल्या असतात. एका केबलला दोन ड्राइव्ह लागतात: कार्डाकडून पाहता पिळाच्या पुढचा ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. त्यामुळे दोन्ही ड्राइव्हचे जंपर (ड्राइव्हचा क्रमांक ठरवणाऱ्या छोट्या खुंट्या) सारखेच ठेवता येतात. (जुन्या हार्डडिस्कची 34 तारांची केबलही अशीच दिसते, पण तिचा पीळ 25 ते 29 वर असतो. ती इथे चालत नाही.)

ए ड्राइव्हच्या मोटरचा हुकूम कार्डाच्या 10 वरून निघतो आणि पिळामुळे ड्राइव्हच्या 16 वर पोचतो. तार सलग असली की बीप देणाऱ्या मल्टिमीटरची एक टोचणी कार्डाकडच्या 10 ला, दुसरी ड्राइव्हकडच्या 16 ला लावली. बीप नाही. 14 आणि 12 मध्ये बीप आला, म्हणजे निवडीची तार शाबूत. दिवा त्यामुळेच लागत होता.

कनेक्टरचं झाकण हलकेच उचकटलं. आत प्रत्येक तारेला दुभंगलेलं बारीक पातं चावून धरतं, सोल्डर नसतो. त्या एका पात्याभोवती हिरवट भुकटी साचली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांब्यावर असा बुरशीसारखा हिरवा थर चढतो, तेच हे. केबल ओढून काढायच्या सवयीने पाती सैल होतात आणि दमट हवा आत शिरते. कनेक्टर धरूनच काढावा.

दुसरी केबल लावली. मोटर फिरली, दिवा लागला आणि विझला. मामा चष्मा पुसून पडद्यासमोर बसले आणि फाइलींची नावं मोठ्याने वाचू लागले.