सफाई-प्राण्यांची विष्ठा (खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात शेवाळ, माशांचे उरलेले खाणे आणि खडकांच्या फटीतला गाळ खाण्यासाठी जे लहान अपृष्ठवंशी प्राणी सोडतात, त्यांना छंदप्रेमी ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात. ट्रोकस, टर्बो, सेरिथ, नॅसॅरियस या समुद्री गोगलगायी, रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट खेकडे, समुद्री अर्चिन, भंगुरतारे व समुद्रकाकडी हे त्यांतले नेहमीचे. हे प्राणी सोडले की टाकी आपोआप स्वच्छ राहते, अशी नवख्यांची पक्की समजूत असते. ती चुकीची आहे. खाल्लेले सगळे त्यांच्या अंगी लागत नाही. बरेचसे विष्ठा होऊन पाण्यातच पडते. घाण काचेवरून वाळूत जाते. तिला टाकीबाहेर काढणे हे पाळणाऱ्याचेच काम असते.

हिरव्या पडलेल्या काचेवर रात्री टर्बो लावला, तर सकाळपर्यंत त्याच्या वाटेपुरता पट्टा लख्ख झालेला दिसतो. कानशीसारख्या जिभेने त्याने शेवाळ खरवडलेले असते. त्याच पट्ट्याखाली वाळूवर तपकिरी-हिरव्या, काडीसारख्या लेंड्या पडलेल्या असतात. हाताने पाणी हलवले की त्या फुटतात आणि पाणी गढूळ होते. अर्चिन खडकावरचा गुलाबी चुनखडी थरही खरवडतो, म्हणून त्याच्या विष्ठेत चुन्याची कच असते. समुद्रकाकडी वाळूच गिळते, तिच्यावरचा सेंद्रिय पदार्थ पचवते आणि उरलेली वाळू माळेसारखी मागे सोडते. नॅसॅरियस मात्र शेवाळाच्या वाटेला जात नाही. तो वाळूत दडून फक्त सोंड वर ठेवतो आणि मांसाचा वास आला की बाहेर पडतो.

विष्ठा कुजली की अमोनिया तयार होतो. शिवाय हे प्राणी तो शरीरातूनही थेट पाण्यात सोडतात. खाऱ्या पाण्याचा सामू (pH) ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. मुरलेल्या टाकीत खडक व वाळूवरचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पुढे प्राणवायू नसलेल्या जागी, म्हणजे वाळूच्या खोल थरात किंवा सच्छिद्र खडकाच्या पोटात, दुसरे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात आणि तो हवेत निघून जातो. विष्ठेतल्या फॉस्फेटला अशी पळवाट नाही. त्याचा वायू होत नाही; कोणी बाहेर काढले तरच ते जाते, नाहीतर नवे शेवाळ त्याच्यावर पोसते. बाष्पीभवनाने पाणी घटते, पण त्यात विरघळलेली घाण मागेच राहते.

म्हणून विष्ठा कुजण्याआधी उचलणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यासाठी ती तळाला बसू न देता तरंगती ठेवावी लागते. टाकीतल्या पंपांची तोंडे अशी वळवतात की खडकामागचा कोपराही ढवळला जाईल. आठवड्यातून एकदा रबरी फुग्याच्या पिचकारीने खडकांवर पाण्याचे झोत मारले की फटीतून धुरासारखा गाळ उठतो आणि ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, जातो. तिथे २०० मायक्रॉनची फिल्टर पिशवी त्याला अडवते. ही पिशवी दोन-चार दिवसांत बदलायलाच हवी. पाण्यात राहिलेली भरलेली पिशवी म्हणजे टाकीतच ठेवलेला उकिरडा. अडवलेली घाण तिच्यातून वाहत्या पाण्यात कुजत राहते. प्रोटीन स्किमर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि बारीक कण फेसात पकडून चहाच्या रंगाच्या पाण्यात गोळा करतो, पण जड लेंड्या त्याच्या हाती लागत नाहीत. त्या पाणी बदलताना नळीने वाळूवरून ओढून घ्याव्या लागतात. पाणी बदलल्याचा परिणाम साध्या हिशेबाने चालतो: २०० लिटरच्या टाकीतले ४० लिटर बदलले, तर २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) नायट्रेट १६ वर येते, त्याहून खाली नाही.

सम्पमध्ये दिव्याखाली कीटोमॉर्फा हे तारेच्या गुंत्यासारखे शैवल वाढवण्याची रीत यापेक्षा सुंदर आहे. टाकीत विरघळलेले नायट्रेट-फॉस्फेट ते अंगात भरते, आणि वाढलेली मूठभर जुडी कापून फेकली की तेवढे पोषण टाकीबाहेर जाते. अमेरिकेत स्मिथ्सोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी शैवलाची हिरवळ जाळीवर वाढवून खरवडून काढण्याची पद्धत याच विचारावर उभी केली. फॉस्फेट फारच वाढले तर लोहऑक्साइडचे दाणे वापरतात. मात्र नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. उपाशी टाकीत प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर माजू शकतो.

या प्राण्यांची सर्वांत घातक घाण म्हणजे त्यांचे प्रेत. टर्बो वाळूवर उलटा पडला तर त्याला बहुधा सरळ होता येत नाही. ट्रोकसला येते, आणि तेवढ्यासाठीच तो अधिक भरवशाचा. दिवसभर न हललेली गोगलगाय उचलून वास घ्यावा. मेलेलीचा वास लपत नाही. लहान टाकीत दोन-तीन मोठ्या गोगलगायी नजरेआड कुजल्या तरी अमोनिया चढतो. हर्मिट खेकडे शंखासाठी गोगलगायी मारतात, म्हणून त्यांच्यासाठी मोठे रिकामे शंख टाकीत ठेवावेत. गॅलनमागे (सुमारे पावणेचार लिटरमागे) एक गोगलगाय हा अमेरिकेतला प्रचलित ठोकताळा जास्तीचा आहे: पहिल्या महिन्यात शेवाळ संपते आणि मग हे जीव उपासमारीने एकेक करून मरतात. थोडे सोडावेत, शेवाळ पाहून वाढवावेत.

आपल्याकडे वीज जाणे हा वेगळा धोका आहे. पंप थांबले की तरंगणारी विष्ठा तळाला बसते आणि जीवाणू उरलासुरला प्राणवायू वापरू लागतात. उन्हाळ्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप एवढ्यासाठी हाताशी ठेवतात.

समुद्रकाकडीबद्दल आणखी एक गोष्ट. वाळू साफ करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण दुखावली किंवा पंपात अडकली तर ती आतडी बाहेर टाकते, आणि काही जातींमधून सुटणारे होलोथुरिन हे विष टाकीतले मासे मारू शकते. भारतात २००१ पासून समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर ओहोटीला दिसलेली समुद्रकाकडी उचलून टाकीत आणणे हा गुन्हा ठरतो.