कालव्याकाठचा रेल्वे देखावा: उभारणी आणि वेदरिंग (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचा कालव्याचा संच घेतल्याबद्दल मनापासून आभार. तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे ते डब्यातल्या आकृत्यांवर आहेच. आकृतीत दाखवता येत नाहीत अशा ओल, गंज, काजळी, शेवाळ आणि पाण्याच्या गोष्टींसाठी हे पत्रक आहे. मॉडेल जुने, वापरातले वाटावे म्हणून असे डाग देणे म्हणजेच वेदरिंग.

या संचाच्या पहिल्या नमुन्यात आमची एक चूक झाली होती. रूळ ज्या पुलावरून जातात त्याच्या खालच्या बाजूला, कालव्याच्या अंगाने, आम्ही भिंती काजळीने काळ्या केल्या होत्या. प्रदर्शनात एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, “इंजिन तर पुलावरून जातंय. मग धूर खाली कसा उतरला?” त्यांचे बरोबर होते. धूर वर जातो, आणि कालव्यातली नाव काठावरून चालणारा घोडा ओढतो, तिला इंजिनच नसते. आम्ही तो पूल घासून पुन्हा रंगवला. तेव्हापासून कोणताही डाग टाकण्याआधी आम्ही विचारतो, हा इथे कशाने पडला? उत्तर सापडले नाही तर तो डाग टाकत नाही. तुम्हीही हाच प्रश्न हाताशी ठेवा, पुढचे बरेचसे त्यातूनच सुचत जाईल.

आधी पाण्याची पातळी

संच इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांवर बेतलेला आहे, काळ वाफेच्या इंजिनांचा. माप ओओ, म्हणजे १:७६. खऱ्या एका फुटाला मॉडेलवर ४ मिमी, आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमी. त्या कालव्यांवरची लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद, साधारण ७ फूट रुंद असत, म्हणून नावाही तेवढ्याच अंगाच्या आणि लांबीला सुमारे ७० फूट. मॉडेलवर हे २८ मिमी बाय २८० मिमी होते. आपला बेसबोर्ड, म्हणजे देखाव्याखालचा पाट, ६०० बाय ३०० मिमी आहे, त्यामुळे एकटी नाव जवळजवळ अर्धी लांबी खाते. कालवा आम्ही तिरपा ठेवला तो याच कारणाने. तो समोरच्या डाव्या कडेने आत येतो आणि मागे उजवीकडे पुलाखालून निघून जातो. पुलापलीकडे काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे कालवा लांबवर जात असावा असे वाटते.

इंग्लंडात कालवे आधी झाले, रेल्वे मागून आली. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये वाहतुकीला खुला झाला, लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये. कालव्याला चढ-उतार चालत नाही, म्हणून जुने कालवे टेकड्यांच्या कडेकडेने, एकाच उंचीवरून वळसे घेत जातात. रेल्वेवाल्यांनी भराव टाकले, पूल बांधले आणि ते सरळ निघून गेले. देखाव्यात हे दिसले पाहिजे. कालव्याला थोडे वळण द्या, रूळ सरळ राहू द्या. उलट केलेत तर काहीतरी चुकले आहे असे बघणाऱ्याला जाणवते, पण का ते सांगता येत नाही.

बेसबोर्ड टेबलावर ठेवून दोन्ही दिशांनी पाणसळ लावून बघा. खालचा फोम २५ मिमी जाड आहे, वरचा १० मिमी. वरच्यात कालव्याच्या आकाराची खाच कापलेली मिळेल. तिच्या तळाशी ३ मिमीचे कार्ड चिकटवले की पाणी काठापेक्षा ७ मिमी खाली येते. खऱ्या मापात हे पावणेदोन फूट, म्हणजे घोडा चालतो त्या काठावरच्या वाटेला शोभेल एवढे. रूळ पाण्यापेक्षा सुमारे ४५ मिमी वर येतात, त्यामुळे पुलाखालून घोडा आणि माणूस नीट जातात. गोंद पाण्यात विरघळणारा वापरा. स्प्रे पेंट किंवा थिनरवाला गोंद या फोमला खातो, बघता बघता खड्डा पडतो.

विटा दोन वयाच्या

काठाच्या भिंती कालव्याइतक्याच जुन्या, हाताने पाडलेल्या लाल विटांच्या. पूल रेल्वेने नंतर बांधला. त्याच्या भिंतींना आम्ही स्टॅफर्डशायरच्या निळ्या विटांचा रंग सुचवतो. या विटा कडक भाजलेल्या, पाणी फारसे न पिणाऱ्या, त्यामुळे रेल्वेच्या बांधकामात त्यांना फार मागणी होती. दोन्ही विटा एकाच रंगाने आणि एकाच वॉशने (पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या हाताने) रंगवल्या तर पन्नास-साठ वर्षांचे अंतर पुसले जाते. हा फरक जपा, अशी आमची कळकळीची विनंती.

लाल भिंतीला आधी विटकरी रंगाचा पूर्ण हात द्या. वाळल्यावर फिका राखाडी रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे लावा आणि ओल्या कापडाने आडवा पुसा. रंग दरजांमध्ये राहतो, विटेच्या तोंडावरून निघतो. मग बारीक ब्रशने दहातली एखादी वीट जरा गडद, एखादी जरा पिवळसर करा. इथे हात आवरा. सगळ्या विटा वेगवेगळ्या केल्या तर भिंतीची गोधडी होते. निळ्या विटांवर दरजा गडदच ठेवा, आणि रंगांचे हे खेळ जवळजवळ नकोत.

ओघळ

वेदरिंगचा जीव ओघळात आहे. पाणी कुठून येते, कुठे अडते आणि कुठून सांडते एवढे बघितले की अर्धे काम झाले. पुलाचा लोखंडी गर्डर भिंतीवर जिथे टेकतो तिथे पाणी साचते आणि गंज घेऊन खाली येते. म्हणून गंजाचे ओघळ गर्डरच्या टोकाखाली येतात, भिंतीच्या मधोमध नाही. गंजाचा रंग अगदी थोडा घ्या आणि एक बारीक ठिपका ठेवा. पाण्याने ओला केलेला सपाट ब्रश त्यावरून एकदाच, वरून खाली ओढा. वर दाट, खाली विरत गेलेला आणि अगदी उभा असा ओघळ मिळतो. ब्रश दुसऱ्यांदा फिरवू नका, फिरवलात की त्याचा डाग होतो.

पुलाच्या आतल्या भिंतीवर, जिथे पाणी चुन्यातून झिरपते, तिथे पांढरट ओघळ येतात. पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळून हे तीन-चारच ठेवा. काजळी हवी असेल तर तिची जागा नावेवर आहे. केबिनमधल्या चुलीच्या धुराड्यामागे, छतावर, बोटाच्या टोकाएवढी.

आता पाण्यालगतचा पट्टा. कालव्याची पातळी फारशी वर-खाली होत नाही, म्हणून ओल्या विटांचा पट्टा अरुंद आणि सरळ असतो, मॉडेलवर फार तर २ मिमी. भरती-ओहोटीच्या धक्क्यावर असतो तसा रुंद पट्टा इथे काढू नका. तसा पट्टा फक्त लॉकच्या आत शोभतो, कारण तिथे पाणी दिवसभर चढते-उतरते आणि भिंत उंचापर्यंत ओली राहते. आधी गडद तपकिरी, वर शेवाळाचा मळकट हिरवा, आणि शेवटी त्या २ मिमीवरच चकचकीत व्हार्निश. ओल खरी वाटते ती त्या चकाकीमुळे.

एक जागा मुद्दाम जवळून बघा. पुलाच्या कोपऱ्यावर, वाटेच्या बाजूला, एक छोटी लोखंडी पट्टी आहे. घोडा पुढे निघून गेला की नावेचा दोर या कोपऱ्यावर घासत असे. ओल्या दोरात वाळू अडकायची आणि वर्षानुवर्षे घासून लोखंडातही खाचा पडायच्या. बारीक गोल कानशीने पट्टीवर तीन-चार खाचा करा, वाटेपासून १० ते १४ मिमी उंचीवर, किंचित तिरप्या. खाचांच्या आत गंज नको. तिथे दोर रोज घासतो, म्हणून तो भाग पेन्सिलीचे शिसे घासून चकचकीत करा. बाकी पट्टी गंजलेली. नखाएवढा तुकडा आहे, पण इथून रोज नावा जायच्या हे त्यावरून कळते.

रूळ

रुळांच्या बाजू तपकिरी रंगवा, डोके लगेच पुसून लखलखीत ठेवा. हे खडी टाकण्याआधी करा. खडी सुकी पसरून, ब्रशने स्लीपरवरून झाडून घ्या. मग पीव्हीए, म्हणजे पांढऱ्या गोंदात तेवढेच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी उचलतो. इंजिन जिथे थांबते तिथे रुळांच्या मधोमध तेलाचा काळपटपणा द्या. बाकी ठिकाणी नको.

पाणी सर्वात शेवटी

भिंती, पूल आणि रूळ पूर्ण रंगवून झाले, वेदरिंगच्या रंगीत पावडरी लावत असाल तर त्याही लावून झाल्या, की सगळ्यावर मॅट व्हार्निशचा हलका हात द्या. मॅट व्हार्निशने पावडरीचा रंग दबतो, म्हणून पावडर मनाला पटते त्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेली बरी. ओल्या पट्ट्यावरची चकाकी या हातानंतरच, आणि पाणी त्याच्याही नंतर. पाण्यावर मॅटचा शिडकावा पडला की ते काचेऐवजी प्लास्टिकसारखे दिसते.

आम्ही संचात रेझिन, म्हणजे पाणी दाखवायला ओततात ते घट्ट होणारे पारदर्शक द्रव्य, देत नाही, याबद्दल बरेच ग्राहक विचारतात. कालव्याचे पाणी गढूळ असते, तळ दिसतच नाही. मग खोली ओतून काय मिळवायचे? शिवाय रेझिन बारीक फटीतूनही गळते आणि भिंतीवर कडेने चढते. त्याऐवजी तळाच्या कार्डावरच पाण्याचा रंग भरा. मधोमध गडद, हिरवट-तपकिरी, काठाकडे मातकट, आणि दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळा. निळा अजिबात नको. रंग पूर्ण वाळला की ॲक्रिलिक ग्लॉसचे (चकचकीत पारदर्शक लेपाचे) सहा ते आठ पातळ थर द्या. प्रत्येक थर स्वच्छ पारदर्शक झाल्यावरच पुढचा. दुधट दिसतो तोपर्यंत तो ओला आहे असे समजा. घाईने वर दुसरा चढवला तर दुधटपणा आत कोंडला जातो. पीव्हीए गोंद इथे वापरू नका, दमट हवेत तो पुन्हा पांढुरका होतो.

कालव्याला प्रवाह नसतो, त्यामुळे लाटाही नकोत. शेवटच्या थरावर फक्त जवळजवळ कोरड्या ब्रशने हलके ठिपके द्या. नावेचा तळ पाण्याच्या रेषेवर कापलेला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या थरात ती चिकटवा, म्हणजे पुढचे थर तिच्या कडेला येऊन भिडतात. माल भरलेली दाखवायची असेल तर तळ आणखी २ मिमी घासून घ्या. भरलेली नाव खोल बसते, रिकामी वर तरंगते. ताडपत्री बांधलेली नाव उंच तरंगताना दिसली तर जाणकाराचे लक्ष आधी तिथेच जाते.

वाटेच्या समोरच्या काठाला, जिथे घोडा जात नाही, तिथे जुन्या ब्रशचे केस कापून लव्हाळे लावा. वाटेच्या बाजूला लावू नका, दोर घासून तिथे काही उगवू देत नाही.

पाण्यावर धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशने झाडा, ओले कापड लावू नका. ग्लॉस कालांतराने निस्तेज वाटला तर आणखी एक पातळ थर पुरतो. त्यासाठी डब्यातली छोटी बाटली झाकण घट्ट लावून जपून ठेवा.