जुन्या गाडीच्या मूळ स्टीरिओवर फोनचा आवाज

गाडीसोबत कारखान्यातूनच आलेला रेडिओ, कॅसेट डेक किंवा सीडी प्लेअर न काढता, त्याच्याच ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमधून स्मार्टफोनवरची गाणी, पॉडकास्ट किंवा नकाशाच्या सूचना ऐकण्याच्या निरनिराळ्या तंत्रांची ही नोंद आहे. जुन्या स्टीरिओला फोन नावाची वस्तू ठाऊक नसते. त्याला रेडिओचा संदेश कळतो, टेपचे चुंबकीय क्षेत्र कळते, सीडी कळते. फार तर बाहेरून येणारी एखादी तार कळते. त्यामुळे यातली प्रत्येक पद्धत फोनचा आवाज यांपैकी एखाद्या रूपात त्याच्यापुढे नेऊन ठेवते. वाटेत रूप जितक्या कमी वेळा बदलेल आणि संदेश ॲम्प्लिफायरच्या जितका जवळ शिरेल, तितका आवाज स्वच्छ येतो. कोणती पद्धत निवडायची याचा निर्णय बहुतेक वेळा या एका कसोटीवर करता येतो.

अडचण कुठून आली

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये आणली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ती गाडीत पक्की रुळली. गाडीसाठीचे सीडी प्लेअर १९८४ पासून मिळू लागले. ॲपलचा आयपॉड २००१ मध्ये आला, ब्लूटूथवरून स्टीरिओ संगीत पाठवण्याची ए२डीपी ही प्रणाली २००३ मध्ये ठरली, आणि डॅशबोर्डवर बाहेरचे उपकरण तारेने जोडण्याचे ३.५ मिमीचे ऑक्स सॉकेट सर्रास दिसू लागले ते २००० च्या दशकाच्या मध्यानंतर. गाड्या मात्र वीस-पंचवीस वर्षे सहज चालतात. इंजिन ठणठणीत, स्पीकर उत्तम, पण फोन जोडायला जागाच नाही, अशा गाड्या म्हणूनच आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत. २०१६ च्या आयफोन ७ पासून फोनवरचा हेडफोन जॅकही नाहीसा होत गेला आणि एक जोडणी आणखी वाढली.

नवा स्टीरिओ बसवणे हा सरळ उपाय वाटतो, आणि सुमारे १८० × ५० मिमीच्या ठरावीक मापाचा सिंगल-डिन रेडिओ असेल तर तो खरोखरच सोपा आहे. पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक गाड्यांत रेडिओ डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. एसीची बटणे, घड्याळ आणि इंधनखर्चाचा हिशेब त्याच पडद्यावर दिसतो. काही महागड्या प्रणालींत स्पीकरचा रोध नेहमीच्या ४ ओहमपेक्षा बराच कमी असतो आणि ॲम्प्लिफायर डिकीत असतो, म्हणून बाजारातला रेडिओ त्यांना जुळत नाही. २००१ नंतरच्या काही जर्मन गाड्यांत तर आवाज तांब्याच्या तारेऐवजी मोस्ट या प्रकाशतंतूच्या जाळ्यातून जातो. डॅशबोर्डचे मूळ रूप आणि रात्री एका रंगात उजळणारी सगळी बटणे जपावीशी वाटणे, हेही मूळ स्टीरिओ ठेवण्याचे पुरेसे कारण आहे.

तयार तार : ऑक्स आणि चेंजर

ऑक्स सॉकेट असेल तर प्रश्न जवळजवळ मिटतो. ते कधी हातमोज्यांच्या कप्प्यात, कधी दोन सीटमधल्या कप्प्याच्या तळाशी असते, म्हणून आधी गाडीची पुस्तिका पाहावी. काही रेडिओंत पाठीमागच्या कनेक्टरवर ऑक्सच्या पिना असतात, फक्त सॉकेटपर्यंत तार ओढलेली नसते. तर काहींमध्ये ते इनपुट निदान-उपकरणाने सुरू करून घ्यावे लागते. जॅक नसलेल्या फोनला लागणाऱ्या छोट्या वायरबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूएसबी-सीच्या काही स्वस्त वायरींत डिजिटलचे ॲनालॉग करणारी चिप नसते. त्या मोजक्याच फोनवर चालतात, बाकीच्यांवर काहीच ऐकू येत नाही. आत चिप असलेली वायरच घ्यावी.

ऑक्स नाही, पण डिकीतल्या चेंजरसाठी, म्हणजे सहा सीडी ठेवून आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी, रेडिओवर जागा आहे, अशी गाडी असेल तर तिच्या मालकाचे नशीब चांगले. ही वाट फारशी माहीत नसते आणि आवाजाच्या दृष्टीने ती ऑक्सच्या तोडीची आहे. अडचण एवढीच, की चेंजर जागेवर असल्याची खात्री पटल्याशिवाय रेडिओ ते इनपुट उघडतच नाही. रेडिओ सुरू होताच तो गाडीतल्या संदेशवाहिनीवर विचारणा करतो. बीएमडब्ल्यूमध्ये ती आय-बस, टोयोटात एव्हीसी-लॅन, व्होल्वोत मेलबस. इम्युलेटर नावाची लहान डबी चेंजरच्या जागी बसून उत्तर देते : सीडी क्रमांक १ आत आहे, गाणे क्रमांक ३ चालू आहे, इतके सेकंद झाले आहेत. रेडिओ समाधानाने आवाजाची वाट मोकळी करतो आणि त्या वाटेवर फोन असतो. चांगल्या इम्युलेटरमध्ये स्टीअरिंगवरचे 'पुढचे गाणे' हे बटणही फोनपर्यंत पोचते. मूळ चेंजर मात्र बहुधा काढून ठेवावा लागतो.

कॅसेट अडॅप्टर

कॅसेट डेक असलेल्या गाडीसाठी हा उपाय आजही उत्तम आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. लॅरी शॉट्झ या अमेरिकी अभियंत्याला अशा अडॅप्टरचे पेटंट १९८८ मध्ये मिळाले. तेव्हा तो पोर्टेबल सीडी प्लेअर जोडण्यासाठी होता. फोनसाठी त्यात काहीच बदलावे लागले नाही.

कॅसेटच्या आकाराच्या या डबीत गाणी भरलेली फीत नसते. डेकचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, जिथे फितीला टेकते, नेमक्या त्याच जागी डबीत एक छोटे हेड बसवलेले असते. फोनकडून आलेला विद्युतप्रवाह त्या हेडमध्ये बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि समोरचे डेकचे हेड ते फितीवरचे समजून वाचते. दोन हेड एकमेकांना भिडलेली, मध्ये हवेतून रेडिओलहर नाही, वारंवारता शोधणे नाही. आणखी एक फायदा क्वचितच कोणी सांगतो : आवाज फितीच्या वेगावर अवलंबून नसल्यामुळे, पट्टा सैल होऊन ज्या डेकवर खऱ्या कॅसेटचे सूर हेलकावे खातात, त्याच डेकवर अडॅप्टरचा आवाज स्थिर येतो.

मग डबीत दातेरी चक्रे कशाला? फीत फिरत नाही असे वाटले की अनेक डेक कॅसेट बाहेर टाकतात किंवा दुसरी बाजू लावतात. चक्रे दोन्ही रिळांना एकत्र फिरवून फीत सरकत असल्याचा भास निर्माण करतात. स्वस्त अडॅप्टरमधली टकटक याच चक्रांची. काही जण ती काढून टाकतात. साध्या डेकवर ते खपते, ऑटो-रिव्हर्स म्हणजे आपोआप बाजू बदलणाऱ्या डेकवर मात्र नडते. ऑटो-रिव्हर्स हीच या अडॅप्टरची मोठी डोकेदुखी आहे. डेकने बाजू बदलली की त्याचे हेड दुसऱ्या दोन पट्ट्यांकडे वळते आणि आवाज दबतो किंवा गायब होतो; तेव्हा बाजू बदलण्याचे बटण हाताने दाबून मूळ दिशेवर यावे लागते. टेपची सरसर कमी करणाऱ्या डॉल्बीचे बटण बंद ठेवावे, कारण फोनचा आवाज डॉल्बीच्या संस्कारातून आलेला नसतो आणि डॉल्बी त्याचे वरचे सूर विनाकारण दाबते. टेपच्या प्रकाराची निवड असेल तर 'नॉर्मल' ठेवावी. एका बाजूचा स्पीकर मंद वाटला तर आधी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसावे. बहुतेक वेळा वर्षानुवर्षे साचलेल्या तपकिरी थराचाच तो दोष असतो. कॅसेट पूर्ण आत गिळणाऱ्या डेकमध्ये तार चिमटते. त्यासाठी ब्लूटूथ आणि बॅटरी असलेले बिनतारी अडॅप्टर मिळतात.

कारखान्यातून कॅसेट डेकसह अमेरिकेच्या बाजारात आलेली शेवटची गाडी म्हणून २०१० च्या लेक्सस एससी ४३० चे नाव घेतले जाते. म्हणजे हा उपाय वाटतो त्यापेक्षा पुष्कळ नव्या गाड्यांनाही लागू पडतो.

एफएम ट्रान्समीटर

हा ट्रान्समीटर फोनचा आवाज छोट्या रेडिओ केंद्रासारखा एफएमवर सोडतो. लायटरच्या सॉकेटात खोचला, फोन ब्लूटूथने जोडला, रेडिओवर ठरावीक आकडा लावला, की झाले. म्हणूनच हा सर्वात जास्त विकला जातो आणि सर्वात जास्त निराशही करतो. फोनचा संदेश ब्लूटूथसाठी आक्रसला जातो, पुन्हा उलगडतो, एफएमवर स्वार होतो, हवेतून गाडीच्या अँटेनापर्यंत जातो आणि रेडिओ तो परत उतरवतो. एफएम स्टीरिओची ध्वनिमर्यादा मुळातच सुमारे १५ किलोहर्ट्झ आहे. शिवाय प्रसारणाची ताकद कायद्याने फार कमी ठेवलेली असते : युरोपात ५० नॅनोवॅट, अमेरिकेत ३ मीटर अंतरावर मीटरमागे २५० मायक्रोव्होल्ट. शेजारच्या गाड्यांना त्रास होऊ नये म्हणून ही मर्यादा योग्यच आहे, पण तिच्यामुळे शहरातले कोणतेही बळकट केंद्र ट्रान्समीटरला सहज झाकून टाकते.

चांगला आवाज मिळवायचा तर रिकामी जागा नीट शोधावी लागते. ट्रान्समीटर काढून ठेवावा आणि रेडिओ हाताने एकेक पायरी पुढे नेत जावे. जिथे नुसती सरसर ऐकू येते आणि दोन्ही बाजूंच्या जागांवरही कोणी बोलत नाही, ती वारंवारता घ्यावी. लांबच्या प्रवासात ती बदलावी लागतेच. रेडिओत पर्यायी वारंवारता शोधण्याची सोय असेल तर ती बंद करावी, नाहीतर रेडिओ मध्येच दुसऱ्या केंद्रावर उडी मारतो. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या गाड्यांचा रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतो, म्हणून ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरला तिथे फक्त शेवटचा छोटा तुकडा उरतो. अमेरिकी रेडिओ ८८.१, ८८.३ असे विषम दशांशच लावतात.

याहून पुष्कळ बरा पर्याय म्हणजे तारेचा एफएम मॉड्युलेटर. तो अँटेनाची तार आणि रेडिओ यांच्या मध्ये बसतो, सुरू केला की बाहेरचा अँटेना तोडतो आणि आपला संदेश थेट रेडिओत सोडतो. एफएमची मर्यादा राहते, पण हवेतली भांडणे संपतात.

रेडिओ उघडून केलेली जोडणी

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर रेडिओच्या आतच ऑक्स तयार करता येतो. टेप किंवा सीडीचा संदेश जिथे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे निघतो, तिथली डावी-उजवी वाट तोडून तिथे स्विच असलेले ३.५ मिमी सॉकेट बसवतात : पिन आत नसताना टेपचा संदेश नेहमीसारखा जातो, पिन खुपसली की सॉकेटातले पाते उचलले जाऊन ती वाट सुटते आणि फोनची जोडली जाते. वाटेत संधारित्र ठेवून एकदिश विद्युतदाब अडवावा लागतो. रेडिओ टेपच्या स्थितीत राहावा म्हणून कोरी कॅसेट किंवा शांततेची सीडी चालू ठेवतात. फोन थेट स्पीकरच्या तारांना जोडू नये. बहुतेक रेडिओंत स्पीकरची उणे तारही ॲम्प्लिफायरचे जिवंत आउटपुट असते आणि ती गाडीच्या सांगाड्याला लागली तर ॲम्प्लिफायरची चिप जळू शकते. रेडिओ बाहेर काढण्यापूर्वी त्याचा सुरक्षा-कोड हाताशी आहे ना, हे पाहावे. वीज तुटताच अनेक रेडिओ कुलूपबंद होतात.

पातळी आणि शिट्टी

तारेने जोडलेला फोन जवळजवळ पूर्ण आवाजावर ठेवावा आणि कमी-जास्त स्टीरिओवर करावे. उलट केले तर स्टीरिओ क्षीण संदेशासोबत खरखरही मोठी करतो. एफएम ट्रान्समीटरला हा नियम लागू नाही : जास्त जोराचा संदेश दिला की आवाज फाटतो, म्हणून फोन थोडा खाली आणावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी ही अल्टरनेटरची असते. फोन एकाच वेळी चार्जर आणि ऑक्स या दोन वाटांनी गाडीच्या अर्थिंगला जोडला गेला की तयार होणाऱ्या वेढ्यातून ती शिरते. चार्जर काढून पाहावा. शिट्टी थांबली तर निदान पक्के. ऑक्सच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे १:१ चे छोटे ध्वनी-ट्रान्सफॉर्मर, बसवले की ती जाते. स्वस्त आयसोलेटर मात्र खर्जाचा भाग खाऊन टाकतात.

फार जुन्या गाड्या

केवळ एएम रेडिओ असलेल्या गाडीत एफएम ट्रान्समीटर निरुपयोगी आहे. तिथे एएम मॉड्युलेटर लागतो आणि आवाज बोलण्यापुरताच सुस्पष्ट येतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत सांगाडा बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेला असतो, आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्या ६ व्होल्टवर चालतात. अशा गाडीत आजचा चार्जर किंवा ब्लूटूथ रिसीव्हर लावण्यापूर्वी ध्रुवता आणि दाब मोजून घ्यावा लागतो. जाणकार कारागीर इथे जुन्या रेडिओचा चेहरा, काच आणि बटणे तशीच ठेवून आत नवे सर्किट बसवतात. पोर्शने स्वतःच आपल्या जुन्या मॉडेलांसाठी मूळ रूपाशी मिळतेजुळते, ब्लूटूथ असलेले सिंगल-डिन रेडिओ काढले आहेत.